नैराश्याच्या गोळ्या आणि त्यांचे दुष्परिणाम : घरचा अनुभव आणि थोडी माहिती



मंडळाच्या या पानांवर आपण गणेशोत्सवाचे, हळदीकुंकवाचे, गुणवंतांच्या सत्काराचे वृत्त वाचतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पांढुर्णा-सौंसर भागातील अनेक घरांत नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. बीपीची गोळी पाहुण्यांसमोर घेता येते, ही गोळी मात्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवली जाते. विषय लपलेला असल्याने माहितीही अर्धवट राहते, आणि अर्धवट माहितीने आमच्या घरी काय वेळ आणली, ते सांगण्यासाठीच हा लेख. ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहोत त्या आमच्या सौ.नी लेख वाचून परवानगी दिली आहे.

आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे येथे जे सांगतो ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतः सोसून समजलेले आहे. कोणी हा लेख वाचून स्वतःची गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये, ही पहिली विनंती.

सुरुवात कशी झाली

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सौ.च्या आई गेल्या. वय झाले होते, सर्वांनी समजूत घातली. पण पाऊस लागला तरी सौ. सावरल्या नाहीत. पहाटे तीनला जाग यायची, पुन्हा झोप नाही. जेवणात चव नाही, देवपूजेत मन नाही, भिशीला जाणे बंद. "माझ्याच्यानं आता काही होत नाही," एवढेच म्हणायच्या. आम्ही जामसावळीला हनुमानजींचे दर्शन घेतले, मनाला आधार वाटला. नंतर मुलाच्या आग्रहाने नागपूरला मानसरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, हे दुःख आता आजाराच्या पातळीला गेले आहे, यावर औषध आहे. एसिटालोप्राम नावाची गोळी 5 मिलिग्रॅमपासून सुरू झाली.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. "काहून घेऊन राहिल्या या गोळ्या? सवय लागते." "डोकं सुन्न होते." "जन्मभर घ्या लागते." यातले किती खरे आणि किती खोटे, ते एकेक करून पाहू.

गोळी शरीरात काय करते

नैराश्यावरील औषधे तशी जुनी नाहीत. 1950 च्या दशकात क्षयरोगावर इप्रोनियाझिड नावाचे औषध देताना रुग्णांचा मूड सुधारतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलँड कून यांनी 1957 साली इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला. अ‍ॅमिट्रिप्टिलिन त्याच कुळातले. 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि पुढे सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एसिटालोप्राम अशी नव्या गटाची औषधे आली. या गटाला एसएसआरआय म्हणतात. आज डॉक्टर बहुधा यापासूनच सुरुवात करतात.

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांपैकी एक सेरोटोनिन. एसएसआरआय गोळी हे रसायन पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकवून ठेवते. त्यानंतर मेंदू हळूहळू स्वतःत बदल करून घेतो, म्हणून गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण फायदा दिसायला सहा आठवडेही लागू शकतात.

मात्र सेरोटोनिन फक्त मेंदूत नसते. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते, थोडे रक्तातील प्लेटलेट पेशींत असते. गोळी तिथेही पोचते. एवढे लक्षात ठेवले की बरेचसे दुष्परिणाम का होतात ते आपोआप कळते.

पहिले दोन-तीन आठवडे

मळमळ, पातळ शौच, भूक कमी होणे, डोकेदुखी, घाम, हात किंचित थरथरणे, झोप उडणे किंवा फार येणे. हे सुरुवातीचे त्रास. काहींना पहिल्या आठवड्यात उलट जास्त बेचैन वाटते. बहुतेकांचे हे त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी होतात. अडचण अशी की त्रास पहिल्या दिवसापासून होतो आणि गुण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. मधल्या काळात हिशेबात फक्त नावेची बाजू दिसते, जमेची कोरी असते. म्हणून पुष्कळ लोक दहाव्या दिवशी गोळी सोडून देतात आणि "मला सोसली नाही" म्हणतात.

यावर साधे उपाय आहेत. गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी आणि झोप येत असेल तर रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. डोस कमी ठेवून सावकाश वाढवता येतो.

आपल्याकडे संत्र्याच्या बागेला बहारासाठी ताण देतात. ताण तोडताना कोणी पहिल्याच दिवशी भरपूर पाणी सोडत नाही. आधी हलके आंबवणीचे पाणी, मग चिंबवणी, मग नेहमीचे. ताणातून बाहेर काढण्याची रीत माणसालाही तीच.

जे कोणी विचारत नाही

काही दुष्परिणाम रेंगाळतात. एसएसआरआय गोळ्यांनी पती-पत्नी संबंधांतील इच्छा किंवा क्षमता कमी होणे, ही पुष्कळांना येणारी अडचण आहे. स्त्री असो वा पुरुष, लाजेपोटी कोणी सांगत नाही. तरुण जोडप्यात त्यावरून गैरसमज होतात आणि गोळी गुपचूप बंद केली जाते. डॉक्टरांना हे नवीन नसते. डोस बदलून किंवा दुसरे औषध देऊन मार्ग निघतो. फक्त सांगावे लागते.

दुसरे म्हणजे वजन. पॅरोक्सेटिन आणि मिर्टाझापिनने ते वाढू शकते. मधुमेह असेल तर याकडे लक्ष हवे. तिसरे, काहींना आनंद आणि दुःख दोन्ही बोथट झाल्यासारखे वाटते, रडूही येत नाही. हेही सांगण्यासारखेच लक्षण आहे.

जुन्या गटातील अ‍ॅमिट्रिप्टिलिन आपल्याकडे अजून खूप चालते. डोकेदुखी, झोप, मधुमेहातील पायांची आग यासाठीही ते लहान मात्रेत देतात. त्यामुळे आपण नैराश्याच्या गटातील गोळी घेतो आहोत, हे अनेक ज्येष्ठांना माहीतच नसते. त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, उठताना भोवळ येते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना डोळ्यांचा धोका असतो. रात्री उठताना आधी पलंगावर बसावे, मग उभे राहावे. हृदयाचा आजार असेल तर या गटातील औषधापूर्वी डॉक्टर ईसीजी काढायला सांगू शकतात. एसिटालोप्रामच्या जास्त मात्रेबाबतही ज्येष्ठांत ही काळजी घेतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

आता आमच्या घरचे. गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, डोस 10 वर गेला होता. पोळा जवळ आला, दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीसाठी बाहेरगावचे पाहुणे येणार होते. सौ. दोन दिवसांपासून मलूल होत्या, डोके दुखते म्हणत होत्या. आम्हाला वाटले, गोळीचा सुरुवातीचा त्रास. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी भाजीत तीनदा मीठ घातले. संध्याकाळी चालताना तोल गेला. सूनबाईला त्यांनी तिच्या नावाने न बोलावता आपल्या आईच्या नावाने हाक मारली.

घरात दोन तट पडले. एक म्हणे, बाहेरची बाधा आहे. दुसरा म्हणे, डोक्याच्या गोळ्यांनी डोके गेले. सूनबाई मात्र म्हणाली, "बाबा, वाद नंतर करू, आधी गाडी काढा." रात्रीच नागपूर गाठले. रक्त तपासले. रक्तातील सोडियम 135 ते 145 असावे लागते. सौ.चे 122 होते.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले ते असे. या गोळ्यांमुळे काही जणांच्या शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त काम करू लागते. पाणी साठते आणि रक्तातील सोडियम पातळ होते. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. वय साठीच्या पुढे, त्यातही स्त्री, त्यातही लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू, म्हणजे धोका जास्त. सौ. तिन्हींत बसत होत्या. त्यांच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड होते. अशा अनेक गोळ्यांच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असते. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी इतर औषधे विचारली होती. आम्ही म्हणालो, "काही विशेष नाही, साधी बीपीची गोळी आहे." पत्ता घरीच राहिला होता. पस्तीस वर्षे लोकांची कागदपत्रे पूर्ण नाहीत म्हणून परत पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचा कागद अपुरा दिला.

सौ. चार दिवस दवाखान्यात होत्या. दोन्ही गोळ्या थांबवल्या. सोडियम हळूहळू वाढवले, कारण ते झपाट्याने वाढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून घरच्या घरी मीठपाणी पाजणे हा यावरचा उपाय नाही. साठीपुढील व्यक्तीला ही गोळी सुरू होत असेल, तर "सोडियमची तपासणी कधी करायची?" एवढा प्रश्न जरूर विचारा. तपासणी साधी आहे, रक्ताच्या एका नमुन्यात होते.

काय एकत्र घेऊ नये

आपल्या भागात गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याची सवय फार. प्लेटलेट पेशींतील सेरोटोनिन कमी झाल्याने एसएसआरआय घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. त्यात या वेदनाशामक गोळ्या किंवा अ‍ॅस्पिरिन आले की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काळी शौच झाली तर लगेच डॉक्टर गाठावा. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगावे.

ट्रॅमाडॉल ही वेदनेची गोळी, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्यासोबत सेरोटोनिन अति वाढण्याचा धोका असतो. ताप, घाम, थरथर, स्नायू ताठरणे, छातीत धडधड, गोंधळलेपण अशी लक्षणे एकदम आली तर ती आणीबाणी समजावी.

दारूबद्दल वेगळे काय सांगावे? दारूने नैराश्यही वाढते आणि गोळीची गुंगीही. ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवणाऱ्यांनी पहिले काही दिवस गुंगी येते का ते पाहूनच चालवावे.

एक प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, संत्री चालतात का? ग्रेपफ्रूट नावाच्या फळाच्या रसाचा काही औषधांशी संबंध येतो. आपल्या नागपुरी संत्र्याबाबत तशी चिंता नाही. खुशाल खा.

सवय लागते का?

झोपेच्या आणि घबराटीच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांची सवय लागते. त्या वेगळ्या गटातल्या आहेत आणि शक्यतो थोड्या दिवसांसाठी देतात. नैराश्याच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण त्या अचानक बंद केल्या तर शरीर कुरकुर करते, हेही तितकेच खरे.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी संत्रा तोडणीच्या गडबडीत पॅरोक्सेटिन संपली ती पुन्हा आणलीच नाही. तिसऱ्या दिवशी गरगरणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, भयंकर स्वप्ने, विनाकारण चिडचिड. त्यांना वाटले आजार उलटला, घरच्यांना वाटले सवय लागली. दोन्ही चूक होते. अचानक बंद केल्याचा तो परिणाम होता. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हा त्रास जास्त होतो, फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जाते म्हणून कमी होतो. उपाय एकच, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आठवडे किंवा महिने घेऊन मात्रा उतरवत न्यावी. गोळ्या संपण्याआधी आठवडाभर नवीन आणून ठेवाव्यात.

आणि जन्मभर? पहिल्यांदा आजार झालेल्यांना बरे वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. आजार वारंवार उलटत असेल तर अधिक काळ.

तरुण मुलांबाबत

हा भाग आई-वडिलांनी दोनदा वाचावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली या गोळ्यांवर लहान व किशोरवयीन मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि 2007 साली तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. सुरुवातीच्या काळात किंवा मात्रा बदलताना काही तरुणांच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात, असा तो इशारा आहे. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नाही. उपचाराविना नैराश्यही जीव घेते. अर्थ एवढाच की पहिले काही आठवडे मुलाला एकटे सोडू नये, रोज बोलावे, डॉक्टरांची पुढची तारीख चुकवू नये. आणि शेती असलेल्या घरात कीटकनाशकांच्या डब्यांना कुलूप असावे.

तसेच गोळी सुरू केल्यावर कोणी एकाएकी झोपेशिवाय उत्साही, बडबडे, उधळ्या खर्चाचे झाले, तर "बरे झाले" म्हणून आनंद मानू नका. तो दुसऱ्या प्रकारचा आजार असू शकतो, त्याची औषधे वेगळी असतात. गरोदर किंवा बाळाला पाजणाऱ्या मुलींनीही घाबरून स्वतःच गोळी सोडू नये. विचारून ठरवावे.

एक वही ठेवा

दवाखान्यातून आल्यावर आम्ही एक वही घातली. चार रकाने : तारीख, घेतलेल्या सर्व गोळ्या, झोप-जेवण, त्रास. रोज दोन ओळी. पहिल्या पानावर चालू औषधांची पूर्ण यादी, त्यात आयुर्वेदिक चूर्ण आणि दुकानातून आणलेली गोळीसुद्धा. डॉक्टरांकडे जाताना वही आणि सगळे पत्ते एका पिशवीत. पाच मिनिटांच्या भेटीत जे आठवत नाही ते वही सांगते.

कुठे विचारावे

पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला असला तरी अजून तज्ज्ञांसाठी आपल्याला छिंदवाडा किंवा नागपूरकडे पाहावे लागते. दर वेळी प्रवास शक्य नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 14416. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येते. एखाद्या औषधाचा दुष्परिणाम झाला तर रुग्ण स्वतः त्याची नोंद देऊ शकतो. त्यासाठी राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक 1800-180-3024 आहे.

आरोग्य विमा असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचे आहे. पॉलिसीची कागदपत्रे काढून एकदा नीट वाचा.

शेवटी

दवाखान्यातून घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "आता पुन्हा ती गोळी नको." आम्हीही मनातून घाबरलो होतो. नातेवाईक तर म्हणतच होते. पण पंधरा दिवसांत पहाटे तीनची जाग परत आली, आणि त्या जागेपणी त्या काय विचार करतात ते त्यांनी एकदा सांगितले. ते येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नागपूरला गेलो, या वेळी सगळे पत्ते घेऊन. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलायला सांगितली आणि सोडियम कमी करण्याचा धोका तुलनेने कमी असलेली मिर्टाझापिन लहान मात्रेत सुरू केली. आठवड्याने सोडियम तपासले, नंतर पुन्हा तपासले. ठीक होते.

वजन चार किलो वाढले आहे, सकाळी थोडी सुस्ती असते. वहीत तशी नोंद आहे. दुसऱ्या बाजूला रात्रीची सहा तास झोप आहे, भिशी पुन्हा सुरू आहे, आणि या संक्रांतीला त्यांनी स्वतः उभे राहून तिळाचे लाडू वळले. दोन्ही बाजू समोर ठेवून, डॉक्टरांशी बोलून, आम्ही गोळी चालू ठेवायचे ठरवले आहे.

आपल्या घरी कोणाच्या गोळ्या कपाटात साड्यांखाली असतील, तर त्या बाहेर काढा. नाव वाचा, यादी करा, डॉक्टरांना विचारा. आणि मनात काही शंका असेल, बोलायला कोणी हवे असेल, तर मंडळाच्या कार्यक्रमात सौ. किंवा आम्ही भेटलो की बाजूला घेऊन खुशाल विचारा. सौ.नी हे वाक्य मुद्दाम घालायला सांगितले आहे.